घट

डांबर सुटलं आणि ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं,
एका रात्रीचे पस्तीस रियाल?
मातीच्या घराचे?
मी म्हटलं, मातीच्याच.
मत्रहच्या बोळात एकोणतीस वर्षं सोनं आटवलंत,
घट आली तरी गिऱ्हाइकाला पटवून दिलीत.
आता हीही पटवून घ्या.

यनकुलच्या पुढे, डोंगराच्या बगलेत,
खजुरांच्या आत ते घर.
खल्फानने दार आधी स्वतःकडे ओढलं, मग लोटलं.
पणज्यापासून ते असंच उघडतं, म्हणाला.
भिंती हातभर जाड.
कोनाड्यात तांब्याची काळवंडलेली कॉफीची किटली
आणि शेजारी वायफायची डबी, हिरवा डोळा मिचकावत.
झोपायची खोली म्हणजे पूर्वीचं खजुरांचं कोठार:
जमिनीत बोटभर खोल सऱ्या, एकीशेजारी एक,
भिंतीकडे उतरत्या.
हे वाकले, एका सरीतून बोट फिरवलं,
"लगडीचे साचे?"
खल्फान हसला. वर पोती रचायचो आम्ही,
आपल्याच वजनाने खजूर दबायचा,
मध पाझरून त्या रांजणात.
आता त्या सऱ्यांवर पलंग आहे, पांढरी चादर,
आणि आम्ही दोघं, आपापल्या वजनाचे.

संध्याकाळी खाण पाहिली.
म्हणजे तारेचं कुंपण, गंजलेली पाटी,
आणि खाली एक खड्डा, इतका मोठा
की सावली दुपारपासूनच तिथे मुक्कामाला.
सोनं संपलं तेव्हा कंपनी गेली, खल्फान राहिला.
बारा वर्षं ह्याच रस्त्यावर डंपर चालवलेला.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
सोना? नहीं देखा. पत्थर देखा. बहुत पत्थर.
हे म्हणाले, माझं उलटं,
आणि पुढचं तिथेच ठेवून
एक दगड उचलला, थुंकी लावून अंगठ्याने घासला.
सवय.

तो अंगठा मी ओळखते.
तेजाबाने त्याच्या रेघा कधीच खाल्ल्या.
विमानतळावरची काच तो घेत नाही,
शिपाई म्हणतो पुन्हा, पुसून पुन्हा,
मागची रांग चुळबुळते,
आणि हे दरवेळी असे ओशाळतात
जसं कुणाचं तरी बोट चोरून आणलंय.

रात्री जाग आली तर अर्धा पलंग रिकामा.
बाहेर फलजच्या काठावर बॅटरीचा उजेड,
पाण्याची पाळी बदलायला आलेला सिल्हेटचा पोरगा,
आणि त्याचं फावडं ह्यांच्या हातात.
चिंध्यांचा बोळा उपसला, इकडची माती तिकडे,
पाणी मुकाट वाफ्यात वळलं.
दारं धरायला हे कधी शिकले?
आमच्या खानापूर तालुक्यात विहिरींनी तळ दाखवला
म्हणून तर घरोघरची पोरं मुशी घेऊन निघाली,
मिळेल त्या गावी, मिळेल त्या मुलखात.
"लहानपणी," म्हणाले, "एक वर्ष होतं पाणी."

मग काठावर बसले, हात पाण्यात सोडून.
बोटाएवढे मासे आले, त्या गुळगुळीत अंगठ्याला
टोचू लागले, काही उरलंय का बघत.
हे हसले. मोठ्याने.
पोरगा दचकला. मीही.
हे हसू मी घट समजून
कधीच वजा करून टाकलं होतं.

सकाळी हिशोब चुकता केला. पस्तीस. घासाघीस नाही.
खल्फानने पिशवीभर लिंबं दिली,
त्यांचे पैसे काही केल्या घेईना.

दोन दिवसांनी सदरा धुवायला काढला
तर खिशात दगड नव्हता.
दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. भट्टी बंद,
काचेच्या पेटीतल्या काट्यावर तो दगड,
आणि हे वाकलेले, चष्मा कपाळावर.
किती भरला, विचारलं.
म्हणाले, थांब,
काटा अजून हलतोय.