होल्ड ऑन, कॉलर

डंडीच्या वृद्धाश्रमात, रात्रपाळीला,
लेतेब्रहानच्या ॲप्रनच्या खिशात
एक थर्मामीटर, दोन पेपरमिंट
आणि कडा भिजून फुगलेली वही.

वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे तिग्रिन्या,
मधे पेन्सिलीची रेघ.
गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर,
मग वर देणे म्हणजे हात टेकणे, ते कसं काय?
लुक आफ्टर : मागून बघणे. खोडलं. सांभाळणे.
म्हणजे तेच की,
मिस्टर पेट्री काठी टेकत निघाले
की वळणापर्यंत ती बघत राहते.
रन आउट : बाहेर पळणे. खोडलं.
दूध. डायपर. व्हिसाची मुदत.
पुट अप विथ : ठेवणे, वर, सोबत.
तिन्हींची बेरीज म्हणे सोसणे.
हे मात्र एका फटक्यात पाठ झालं.

परीक्षा बावीस तारखेला. फी भरलेली, परत मिळत नाही.

नऊ नंबरमध्ये मिसेस रेनी.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर,
कानाला हेडफोन, हातात वायरी.
झटका आला तेव्हा डोक्यातली चिल्लर सगळी सांडली :
चमचा, खिडकी, मुलाचं नाव.
उरल्या त्या फक्त बांधलेल्या गड्ड्या,
मोडून न मिळणाऱ्या.
पाणी हवं असलं तर म्हणते, बेटर लेट दॅन नेव्हर.
उशी सरकली तर, ओव्हर माय डेड बॉडी.

लेतेब्रहानकडे नेमकी चिल्लरच आहे.
पाणी? उशी? दुखतं? इथं?
ती एकेक नाणं पुढे करते,
मिसेस रेनी अख्खी गड्डी टाकते,
आणि कसाबसा व्यवहार होतो.

परवा चहा दिला तर म्हातारी म्हणाली,
नॉट माय कप ऑफ टी.
वही काढली. पान चौदा : आवडत नाही.
चहा नेला, कॉफी आणली.
नॉट माय कप ऑफ टी.
कॉफी नेली, गरम दूध आणलं.
मिसेस रेनीनं बोट दाखवलं, मग रागानं मूठ आपटली.
अर्ध्या तासानं कळलं,
निळ्या माशाचा तो कप मिस्टर पेट्रींचा होता.
तिचा नव्हताच.
हा अर्थ वहीत कुठेच नव्हता.

पहाटे तीनला केरेनमध्ये सहा वाजतात,
आई कॉफीचे दाणे भाजायला घेते.
रेंज फक्त नऊ नंबरच्या खिडकीपाशी.
लेतेब्रहान भिंतीकडे तोंड करून हळू बोलते,
हो, जेवले. नाही, थंडी फार नाही.
आणि मधेच आवाज तुटतो.
आई? आई? आ—

मागून, गाढ झोपेत असायला हवं त्या पलंगावरून
एक आवाज येतो, स्वच्छ, इस्त्री केलेला :
होल्ड ऑन, कॉलर. ट्राइंग टू पुट यू थ्रू.
मिसेस रेनी उठून बसलीय.
डावा हात ब्लँकेटच्या घड्यांत भोक शोधतोय,
उजव्यात नसलेली वायर.
खोचली. काढली. शेजारच्या घडीत खोचली.

होल्ड म्हणजे धरणे. ऑन म्हणजे वर.
लेतेब्रहान वही काढत नाही.
फोन कानाला तसाच धरून ठेवते.
पडद्यावर कधीचं लिहून आलंय, कॉल संपला.

गो अहेड, कॉलर,
मिसेस रेनी सांगते, आणि वाट बघते,
मान थोडी कलती करून,
दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये अशा सवयीनं.

मग लेतेब्रहान घसा साफ करते.
आई, ती तिग्रिन्यात म्हणते, ऐक ना,
परवा इथं एका कपाची गंमत झाली.