वजन किती धरू

उजवीकडचा पुढचा आधी गेला.
झिरपलेल्या तेलावर वाळू बसून
जाड खरपूड धरलेली.
मी नखाने खरवडली, वास घेतला.
जळकट.

इब्रीच्या सनाइयात दुपारची शटरं साडेचारला उघडतात.
दाऊद उकये, मूळचे श्रीवर्धनचे,
जुना शॉक काउंटरवर उभा धरून
तळहाताने दाबतात.
तो खाली जातो. खालीच राहतो.
"बघा बाय, ह्याला आता वर यायची इच्छाच नाही."

मग खोकी उघडतात.
एक साधा, तेलाचा. डांबरीवर बरा,
पण पन्हळी पत्र्यासारख्या तुमच्या त्या रस्त्यावर
वीस किलोमीटरमध्ये त्याच्या पोटात ताक घुसळलं जातं, नुसता फेस.
एक पिवळा, गॅसचा, एकाच नळीचा.
एखादा धोंडा लागला, पोचा पडला की संपलं.
एक नऊ टप्प्यांच्या नॉबचा:
"हा शुक्रवारी ढिगारे चढायला येणाऱ्या पोरांचा.
ती नॉब फिरवतात. तुम्ही काम करता."
आणि एक काळा, जाड पोटाचा, न बोलणारा.

मी म्हटलं, सगळ्यांत कडक द्या.
"कडक घेऊन खड्डा बुजत नाही,
तो तुमच्या मणक्यात येऊन राहतो."

मी विचारलं, गाडी मागून बसलीय,
नव्या शॉकने उचलेल का?
त्यांनी चष्मा काढला.
"शॉक वजन उचलत नाही, बाय. ते स्प्रिंगचं काम.
हा फक्त एकदा झालेलं
पुन्हापुन्हा होऊ देत नाही.
तर सांगा. वजन किती धरू?"

पाण्याचे दोन कॅन, चाळीस किलो.
विहिरीतलं पाणी किती खाली गेलं ते सांगणारी
दोनशे मीटरची टेप, तिचं रीळ.
फावडं, जॅक, चाकाखालच्या फळ्या.
नमुन्यांच्या बाटल्या, जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या.
मी, अडुसष्ट.
त्यांनी पेन थांबवलं.
बरं, बाहत्तर.

आणि उजवीकडे हमूद.

हमूद बिन सुवैद, नव्वद किलो,
शिवाय दाराच्या खणात खजुराचा पत्र्याचा डबा.
सोळा वर्षं त्याच सीटवर.
आमच्या गावी वाडी म्हणजे दहा घरं आणि एक भांडण,
इथे वाडी म्हणजे पाणी निघून गेलेली वाट,
आणि तिचा काठ मला दिसायच्या आधी
तो डॅशबोर्डवरची दोन बोटं उचलायचा. हळू.
फेब्रुवारीत निवृत्त झाला. धंकला असतो,
शेळ्या आहेत, गुडघा आहे.
ऑफिसने बदली माणूस दिलेला नाही.

"उजवीकडे कोणी नाही," मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं, मग खोडलं.
"असं नसतं. हे जोडीनेच घ्यावे लागतात.
एका बाजूचा माणूस उठला म्हणून
त्या बाजूला हलका मिळत नाही."

काळे घेतले. चार.
एकशे अठरा रियाल, वरचे सहाशे बैसा सोडले.
बिजीशने खड्ड्यात उतरून बसवले,
रबरी बुश नवे घातले,
आणि खालूनच ओरडला:
पन्नास किलोमीटरनंतर नट आवळा, विसराल.

रविवारी विहीर क्रमांक सतराकडे निघाले.
चाळिसाला डबा खडखडायचा,
साठाला चाकं पन्हळींच्या माथ्यांवरून पळायची, तो गप्प व्हायचा,
मी वेग डब्यावरून ओळखायची.
आता तो वाजतच नाही.
काट्याकडे बघावं लागतं.

एका वळणाआधी पाहिलं तर
माझ्याच उजव्या हाताची दोन बोटं
गिअरवरून उचललेली.
हळू केलं. काठ होता.

बावन्न किलोमीटरला थांबले, चाकाशी बसले.
शॉकला हात लावला आणि पटकन काढला,
एवढा चटका.
पान्याने नट धरला.
अर्धा फेरा फिरला.