कुणाकडे?

सारागोसात, तिसऱ्या मजल्यावर, फ्रिजच्या मागे
फेर्मीनचे तीन सर्व्हर घुरघुरतात:
एकावर चर्चच्या कळसावरल्या करकोच्यांचा कॅमेरा,
एकावर मामाच्या बेकरीचा हिशेब,
तिसऱ्यावर काय, ते तो सांगत नाही.

राउटर एक. पत्ता एक. दारही एकच, चारशे त्रेचाळीस.

"मग आलेला माणूस जातो कुणाकडे?"
वाटाणे सोलता सोलता रेमेदियोस विचारते.
एकतीस वर्षं ती याच इमारतीच्या दारात बसली,
तिच्या जागी आता बटणांची पाटी.

"दारात प्रॉक्सी बसवलाय, आई.
नाव विचारतो, आत निरोप नेतो,
उत्तर घेऊन येतो. आतलं कुणी बाहेर दिसत नाही."

"आणि कोण आलंय, ते लिहितोस ना निरोपावर?
नाहीतर वरच्यांना वाटतं, दर वेळी मीच आले."

फेर्मीनचा हात थांबतो.
आठवडाभर बेकरीच्या नोंदींत
झाडून सगळी गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावरून आलेली.
तो मुकाट्याने एक ओळ वाढवतो.

"आणि ज्याला नावच सांगता येत नाही, तो?"
"चारशे चार. परत."

ती सालं ओंजळीत गोळा करते.
"मी आधी पाणी द्यायचे," म्हणते.
"मग परत."