रकाना सात

शुवैख बंदर, धक्का अकरा.
पहाटे चारच्या सुमाराला शमाल पडतो
तेव्हा पिवळा डबा आणि रुंद ब्रश घेऊन मी येतो,
जमिनीवर रेघ ओढतो.
खुंटापासून मागे, तिरकी,
दोर तुटला तर जिथवर पोचेल तिथवर.

नायलॉनचा दोर तुटण्याआधी गातो.
हे मला याकूब होडेकरनं सांगितलं,
हर्णैचा, बापाच्या होडीवर काथ्या वळत वाढलेला.
"काथ्या करकरतो रे, पळायला वेळ देतो.
हा बारीक गळ्यानं गातो, आणि संपलं."

मार्चमध्ये त्यानं तो गळा ऐकला.
मान वळवून मला म्हणाला, हट.
मी हटलो.
त्याचा डावा पाय, गुडघ्याखालचा,
तो म्हणत होता तेवढ्यात गेला.

फॉर्म भरायला मला बसवलं.
रकाना सात : कारण.
मी लिहिलं, नशीब.
इंजिनिअर नबीलनं चष्मा पुसला,
ते हलक्या हातानं खोडलं.
दोर किती जुना?
सहा वर्षं.
शेवटचा कोणी तपासला?
माहीत नाही.
तुम्ही किती तास उभे होतात?
चौदा.
मग हे लिही, म्हणाला. रकाना लहान आहे,
मागच्या पानावर लिही.

आई फोनवर म्हणते, थोडक्यात वाचलास,
देवीपुढे नारळ ठेवलाय.
इथे आता थोडक्याचीही वही आहे.
शफिकुलच्या हेल्मेटवर पडलेला नट.
रोनेलची शिडी, वीतभर सरकलेली.
क्रेनवरची डुलकी, एवढीशी,
तीही त्यानं स्वतःच येऊन सांगितली, तिसऱ्या महिन्यात.
आधी कोण सांगणार? पगार कापायचे.
मी धक्काभर विचारत हिंडतो,
आज काय झालं नाही?
लोक हसतात. मग आठवून सांगतात.

याकूब हर्णैच्या लिलावात खुर्चीवर बसून
सुरमईचे आकडे मांडतो.
रात्री फोन करतो. पायाचं बोलत नाही.
विचारतो, रेघ आहे ना रे?

पुसते. मीठ, ट्रेलरचे टायर, आणि हे ऊन.
दर पंधरवड्याला पुन्हा.

काल एक नवा पोरगा
रेघेच्या आत बसून डबा खात होता, पाठ दोराकडे.
हट, म्हणालो.
तोंडातल्या तोंडात शिवी देत तो उठला,
डबा घेऊन चार पावलं सरकला.
जहाज शांत होतं. दोर सैल होता.
मी वही उघडली, तारीख घातली.