बावन्न इंच

ही सातवी गाडी. मायनॉटपासून नव्वद मैल,
दोन्हीकडे काळी पडलेली सूर्यफुलं.
टोरवाल्डला सीटवर उचलून ठेवताना
माझ्या कमरेत काहीतरी कट्कन झालं.
मी बोलले नाही. त्याला ऐकू आलं.

पहिलीला रॅम्प होता, इंजिन नव्हतं.
तिसरीची किंमत घराएवढी.
पाचवीचा माणूस माझ्याशीच बोलत राहिला,
"यांना कितपत समजतं?"
"तुझा भाव समजला," टोरवाल्ड म्हणाला.

आर्लिस कोठाराचं दार सरकवते.
हिरवी व्हॅन, चौदा वर्षांची, डाव्या अंगाला गंज.
मी टेप लावते. दार बावन्न इंच.
खुर्चीत बसलेला माझा नवरा त्रेपन्न.
कुणीच काही म्हणत नाही.
एक कोंबडी रॅम्पवरून आत जाते, बघते, बाहेर येते.

मग तो मान खाली घालतो,
चर्चमध्येही कधी घातली नव्हती इतकी,
आणि मी ढकलते.

आत रबरावर दोन चर पडलेत,
दुसऱ्या कुणाच्या चाकांचे.
त्याची चाकं त्यांतच उतरतात.
"लॉइड तिथूनच मालगाडीचे डबे मोजायचा,"
आर्लिस म्हणते, आणि दाराकडे बघत राहते.

फोनवर नऊ हजार ठरले होते.
आमच्याकडे साडेसहा, आणि ही जुनी गाडी.
ती पैसे मोजत नाही.
"राहिलेले गहू निघाल्यावर बघू.
तेल मात्र वेळेवर बदला."

परतताना फाटक लागतं.
मी इंजिन बंद करते. कंबर ठणकतेय.
मागून, बऱ्याच वेळाने, त्याचा आवाज:
"एकशे चार."