चाळीस मिलिमीटर

पहिल्या खेपेला झोपलो ते उघड्या पत्र्याखाली.
जुलै, आमच्याकडचा ऐन हिवाळा.
नेसबीच्या धरणाकाठी दहिवर असं गोठलेलं
की गवतावर पाय ठेवला तर काच फुटल्यागत वाजायचं.
पहाटे कपाळावर टपकन् थेंब.
पाऊस कुठला? आमचाच श्वास तो,
दोघांचा, रात्रभर छताला चिकटून बसलेला,
आता खाली उतरत होता,
उसनं परत करायला आलेल्या माणसासारखा, अवेळी.

स्ट्रुअन म्हणाला, लोकर भरू.
भाऊ माझा. एवढंच म्हणाला.

लोकर होती. अकरा पोती,
शेडच्या माळ्यावर, शेवटच्या कातरणीची.
बाजारात नेलीच नाही, कारण
कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नव्हती त्या भावात.
गालिचाची जाडी लोकर, कोण विचारतं हल्ली.
आणि मेंढ्या,
त्या त्यानं मार्चमध्येच विकल्या, सगळ्या, तीनशे बारा,
मी डनेडिनला खुबा बदलून घेत होते तेव्हा.
फोनवर सांगितलं. हवामान सांगावं तसं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
हिवाळ्यात कुठंही जायला आम्ही मोकळे झालो,
म्हणून तर हा ट्रेलर.
म्हणून तर मी त्याच्याशी बोलत नव्हते.
सोबत जात होते. बोलत नव्हते.

तर काम.
अंघोळीच्या टबात तीन पाण्यांतून काढली लोकर.
पहिलं पाणी चहासारखं: लेंड्या, काटे, गवताचं बी,
आणि मेंढीचा तो तुपकट वास,
जो मी बाहीनं घाम पुसायच्या निमित्तानं
पुन्हा पुन्हा घेतला.
कसर लागू नये म्हणून टाकणखार.
मग कुंपणाच्या तारेवर वाळत घातली.
लांबून वाटावं, परत आल्या.

दोन फासळ्यांमध्ये खोली चाळीस मिलिमीटर.
दाबून भरू नको, तो म्हणाला,
ऊब लोकरीत नसते, तिच्यात अडकलेल्या हवेत असते.
मला सांगतोय!
पण पिंजून, फुलवून भरली.
लोखंडी फासळी उघडी राहिली तर
थंडी तिच्यावरून चालत आत येते, पुलावरून यावी तशी,
म्हणून प्रत्येकीवर बुचाची पट्टी. डिंकानं बोटं चिकटली,
दोन दिवस निघेना.

चाकावरच्या कोपऱ्यात हाताला काही टोचलं.
पिवळा बिल्ला, कानातला. ४१७.
"कुठली?" त्यानं विचारलं.
सांगणार नव्हते. तोंडातून गेलंच:
डावा डोळा अधू, दरसाल जुळं,
आणि त्यातलं एक दरसाल कुठंतरी विसरून यायची.
"ती होय," तो म्हणाला.
"ट्रकमध्ये चढेना. उचलून चढवली."
मग बराच वेळ प्लायवूडला भोकं पाडत राहिला,
हवी होती त्याहून जास्त.
बिल्ला मी परत लोकरीत खुपसला.
त्यानं वरून फळी लावली. आठ स्क्रू.

काल पहिली रात्र.
गारा पडल्या, हे सकाळी दार उघडल्यावर कळलं.
पत्र्यावरचा सगळा आवाज मेंढ्यांनी खाल्ला
आणि उरलो आम्ही दोघं, इतके जवळ
की त्याच्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं,
त्यानं गिळलेला आवंढासुद्धा.
अंधारात कधीतरी म्हणाला,
"तुला विचारायला हवं होतं."

मी झोपेत असल्यागत पडून राहिले.

छताला दोन बोटांची फट ठेवली आहे, जाळी लावून.
श्वासाला जायला वाट नको का?
थंडीला भिऊन त्यानं ती बंद केलेली.
मी उठले, खुबा दुखला, उघडली.
"हो," म्हणाले. "हवं होतं."

सकाळी कपाळ कोरडं.
खिडकीच्या काचेवर तेवढं थोडं पाणी होतं,
ते त्यानं बाहीनं पुसलं.