कांगावा

तिसऱ्या रात्रीही तोच दिवा, तीच किंचाळी:
ऑइल प्रेशर कमी.
आणि इंजिन आपलं पोटभर जेवल्यासारखं
एका लयीत घोरतंय.

नोल्बेर्तो मान्सिया डिपस्टिक पुसतो, बुडवतो, पुसतो.
तेल खुणेपाशी.
दुसरं गेज लावून पाहतो: साडेचार बार.
सेन्सर कालच बोटीने आलेला, कोरा.
तोही कांगावाच करतो.

चिलोएच्या या धक्क्यावर
सगळंच खारट होतं, खिळे, ब्रेड, शिव्या.
शीतगृहात अकरा टन शिंपले,
आणि वरून मालक दर तासाला:
"तोडून टाक ना त्या बझरची वायर!"

तोडता येते.
आधीच्या माणसाने तोडली होती.
त्याचं इंजिन शेडमागे पडलंय,
कुशीतून रॉड बाहेर आलेलं,
त्यात आता कोंबडी अंडी घालते.

पहाटे चार. टॉर्च दातांत.
ब्लॉकवरच्या अर्थच्या नटाखाली
हिरवी बुरशी, नखभर मीठ.
पॉलिशपेपर, दोन आटे, बोटभर ग्रीस.
दिवा विझतो.

तो बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसतो.
मग मुद्दाम सेन्सरची वायर सुटी करतो,
एकदा ओरडू देतो त्याला,
ओरडता येतं ना अजून,
तेवढं पाहायला.